आधी दावण पाहावी

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सांगलीहून मुलीचा फोन आला. ती तेथे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महिनाअखेर असल्यामुळे ‘बाबा, पैसे पाठवा’ हे वाक्य ऐकायची मी तयारी ठेवली होती. पण आज सूर निराळा होता.

“बाबा, मिरज रस्त्यावरच्या एका गॅरेजात काँटेसा उभी आहे. पांढरी. काचेवर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावलीय. आजोबांना सांगा.”

आजोबा म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे झाली, एका कानाने कमी ऐकू येते. पण ‘काँटेसा’ हा शब्द त्यांनी नेमका टिपला. वर्तमानपत्राची घडी घातली आणि एवढेच विचारले, “कुठल्या सालची?”

हा प्रश्न त्यांनी का विचारला, हे सांगायचे तर थोडा इतिहास सांगावा लागेल. वाचकांनी दिवाळीच्या फराळाबरोबर तो चवीने घ्यावा. मास्तराने सांगितला म्हणून कंटाळू नये.

अमेरिकेत १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने जी. टी. ओ. नावाची मोटार विकायला काढली. युक्ती अगदी सोपी होती. मध्यम आकाराची मोटार घ्यायची आणि तिच्या पोटात मोठ्या मोटारीचे इंजिन बसवायचे. सुमारे साडेसहा लिटरचे, आठ सिलिंडरांचे आणि सव्वातीनशे अश्वशक्तीचे ते धूड होते. तरुण मंडळी तिच्यावर तुटून पडली आणि असल्या मोटारींना ‘मसल कार’ हे नाव पडले. आपण त्यांना पहिलवान मोटारी म्हणू. त्यांचे राज्य फार काळ टिकले नाही. धुरावर निर्बंध आले, विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखून धरले, तेव्हा पहिलवानांच्या खुराकाचेच वांधे झाले.

आपल्याकडे पहिलवान मोटार म्हणून जिचे नाव आजही घेतात ती हीच काँटेसा. पण तिची कुंडली बरोबर उलटी. तिचा जन्म इंग्लंडमधला. व्हॉक्सॉल कंपनीने १९७२ मध्ये ‘व्हिक्टर’ या मोटारीचे नवे रूप बाजारात आणले. लांब बॉनेट, रुंद छाती आणि अमेरिकी वळणाचा तोरा. १९७८ मध्ये ती तिकडे बंद झाली. तिचे साचे आणि यंत्रसामग्री हिंदुस्थान मोटर्सने घेतली आणि १९८४ मध्ये कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ‘काँटेसा’ बाहेर पडली. इटालियन भाषेत काँटेसा म्हणजे सरदाराची बायको. नाव सार्थ होते. रस्त्यावरून जाताना तिची चाल सरदारणीचीच असे.

पण बॉनेट उघडले की निराळाच प्रकार दिसे. आत इंजिन होते ते ॲम्बॅसडरचेच! १४८९ सी. सी. क्षमतेचे, सुमारे पन्नास अश्वशक्तीचे. ज्या हृदयावर लहान मोटार जेमतेम पळायची, त्याच हृदयावर या धिप्पाड बाईला चढ चढायचा होता. अमेरिकेत लहान अंगात मोठे इंजिन घातले, आपण मोठ्या अंगात लहान घातले. आणि हे काही एका कंपनीचे पाप नव्हते. त्या परवान्यांच्या जमान्यात नवे इंजिन म्हणजे नवे यंत्र, नवी आयात, नवी परवानगी. पुढच्याच वर्षी मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने रोव्हरच्या देखण्या सांगाड्यात आपले जुनेच इंजिन घालून ‘स्टँडर्ड २०००’ काढली आणि ती थोड्याच वर्षांत बुडाली. बाहेरचा डौल परदेशी आणि आतला जीव घरचा, अशी ती सगळी पिढीच होती.

काँटेसा मात्र बुडाली नाही. ऐंशीचे दशक सरण्यापूर्वी तिला जपानच्या इसुझू कंपनीच्या आराखड्याचे १८१७ सी. सी. इंजिन आणि पाच गिअरांची पेटी मिळाली. ‘काँटेसा क्लासिक’ ती हीच. अश्वशक्ती ऐंशीच्या वर गेली, वातानुकूलन आले आणि सरदारणीच्या अंगात खरोखरच जोर आला. म्हणून जुनी काँटेसा म्हटली की जाणकार पहिल्यांदा साल विचारतो. अण्णांनी विचारले ते याचसाठी.

आता अण्णांना हे कसे ठाऊक? त्याचे उत्तर असे की त्यांनी अकरा वर्षे काँटेसा चालवली. सांगलीच्या पेठेतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे ते ड्रायव्हर होते. सांगलीची हळद म्हणजे काय, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. हरिपूरच्या पेवांत जमिनीच्या पोटात हळद साठवण्याची रीत होती आणि त्या पेवांच्या पावत्यांवर बाजारात उलाढाल चाले. त्या पेठेत १९८८ मध्ये शेठजींच्या दारात काँटेसा आली. त्या काळी आमदार, साखर कारखान्याचे चेअरमन आणि अशा मोजक्या व्यापाऱ्यांच्या दारातच ती दिसायची. चेअरमनसाहेबांची काँटेसा गावात शिरली की पोरे मागे धावत आणि म्हातारी माणसे पारावरून उठून उभी राहत. माणसासाठी की मोटारीसाठी, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

अण्णा रोज पहाटे मोटार धूत. मी शाळेत जाताना तिच्या दारात माझा चेहरा पाही. त्या मोटारीत मी एकदाच बसलो. चौथीत होतो. अण्णा ती दुरुस्तीला मिरजेला नेत होते आणि कशी कोण जाणे, त्यांनी मला पुढच्या सीटवर घेतले. विश्रामबाग मागे पडेपर्यंत ते म्हणत होते, “मान खाली घाल. पेठेतलं कोणी बघेल.” तेव्हा मी मान खाली घालून मिरजेपर्यंत गेलो. मला आठवतो तो पायाखालचा रबरी गालिचा आणि अण्णांचा क्लचवरचा पाय. मागच्या सीटवर मी कधी बसलो नाही. अण्णाही नाहीत.

आता माझ्या मनात काय आले असेल, ते वाचकांनी ओळखलेच असेल.

बँकेत एक लाख ऐंशी हजार रुपये होते. काही पगारातून साठलेले, काही एका कादंबरीच्या मानधनाचे. पैकी मानधनाचा आकडा सांगून मी मराठी साहित्याची शोभा करू इच्छित नाही. हे पैसे गच्चीच्या गळतीसाठी बाजूला ठेवले होते. साताऱ्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की गळकी गच्ची ही चैनीची बाब नव्हे. मोटारवाला मागत होता एक लाख साठ हजार.

मी सौभाग्यवतीच्या कानावर घातले. तिने शांतपणे विचारले, “अहो, पावसाळ्यात मोटारीत झोपायचं का?”

अण्णा मात्र नाही म्हणाले नाहीत आणि हो म्हणाले नाहीत. “पाहून तरी येऊ,” म्हणाले.

त्या रात्री मला माझ्या आजोबांची आठवण झाली. आमचे मूळ घराणे माणदेशातले. हा मुलूख दोन जिल्ह्यांत वाटलेला आहे. माण तालुका साताऱ्यात, आटपाडी सांगलीत. मुळात हे दोन्ही जिल्हे एकच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या माणदेशाची दौलत म्हणजे खिलार बैल. पांढरा रंग, उभी शिंगे, पोलादी पाय. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या आणि पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत त्यांचा बाजार भरतो. आजोबा बैल घ्यायला जात तेव्हा मी लहानपणी एकदा बरोबर होतो. प्रथम दात पाहायचे. आदत, दुसा, चौसा की जुळलेला. मग पाठीवरून हात फिरवायचा, खूर उचलून पाहायचे, चालवून पाहायचे. शेवटी दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी किंमत सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नसे. त्या दिवशी आजोबांनी सगळ्यांत देखणा बैल सोडून दिला. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, “बैल पाहण्याआधी आपली दावण पाहावी, पोरा. याला रोज जेवढी पेंड लागंल तेवढी आपल्या घरात नाही. हा आपल्याकडं येऊन मरंल.”

यंत्राची पारख करण्याची आमच्या भागाची रीत या बाजारातूनच आली असावी, असे मला नेहमी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरेल म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. आपण आज त्या शेतकऱ्यांना हसतो. पण त्यांच्या शंकेत एक शहाणपण होते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. लोखंडी मोडला तर कोण? लक्ष्मणराव १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर आले आणि किर्लोस्करवाडी वसली. नांगर बनवणारा माणूस शेताजवळ राहू लागला. साताऱ्याकडे कूपरांचा कारखाना नांगर आणि डिझेल इंजिने करू लागला. पुढे याच साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होई आणि ती दुरुस्त करणारा मेकॅनिक गावोगाव होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली; तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथसारख्या मोठ्या अमेरिकी मोटारी बाहेर पडू लागल्या. पण घराघरांत गेली ती लहानशी फियाट. जे यंत्र आपल्या दावणीला परवडले आणि आपल्या लोहाराला उमजले, तेच इथे रुजले.

काँटेसाचे तसे झाले नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली होती. १९९३ मध्ये मोटारउद्योगावरचे परवान्याचे बंधन गेले. १९९५ मध्ये सिएलो आली. १९९८ मध्ये हिंदुस्थान मोटर्सनेच मित्सुबिशीची लान्सर काढून आपल्या सरदारणीला सवत आणली. २००२ मध्ये काँटेसाचे उत्पादन बंद झाले. तिची थोरली बहीण ॲम्बॅसडर मात्र २०१४ पर्यंत टिकून राहिली. सरदारीण गेली आणि मोलकरीण राहिली, कारण मोलकरणीचे औषध कोणत्याही खेड्यात मिळत होते.

पुढच्या रविवारी आम्ही सांगलीला गेलो. मुलगी गॅरेजच्या दारात उभीच होती. मोटार १९९६ ची, एम. एच. १० ची, पेट्रोलवरची. विकणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी ती २०२० मध्ये हौसेने घेतली होती. आता मुलाच्या शिक्षणासाठी विकत होते. म्हणजे आमची दोघांची अडचण एकाच घराण्यातली.

अण्णांनी मोटारीला नमस्कार केला नाही इतकेच. पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. थंड होते. मला हळूच म्हणाले, “प्रामाणिक माणूस आहे. आधी चालू करून गरम केलेली नाही.” जुने इंजिन थंड असतानाच खरे बोलते. किल्ली फिरवल्यावर सायलेन्सरमागे जाऊन उभे राहिले. निळा धूर आला तर ऑइल जळते आहे, रिंगा गेल्या. काळा आला तर पेट्रोल जादा जाते आहे. पांढरा राहिला तर पाणी आत शिरते आहे. धूर थोडासा निळसर होता. मग ऑइलचे टोपण काढून आतून पाहिले. दुधाळ साय नव्हती. मुलीने ओढणीच्या टोकात लोहचुंबक गुंडाळून आणले होते. ते दारांवरून, मडगार्डांवरून फिरवीत गेली. जिथे पत्र्याऐवजी पुटी भरलेली होती तिथे ते चिकटेना. डावे मागचे मडगार्ड निम्मे पुटीचेच निघाले. आजोबा आणि नात काही न बोलता मोटारीभोवती फिरत होते आणि मला खरसुंडीचा बाजार दिसत होता.

मग कागद पाहिले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी मोटार तपासून पुन्हा पासिंग करून घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते दहा हजारांवर गेले. पर्यावरण कर निराळा, विमा निराळा. मोटार लिटरला आठ-नऊ किलोमीटर जाणार. साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुलीला भेटून यायचे तर तीन हजारांचे पेट्रोल.

आणि त्या पेट्रोलचीही एक गंमत मुलीने सांगितली. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इतक्या जुन्या मोटारीच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली रबरे त्यासाठी केलेली नसतात. ती फुगतात, तडकतात. सगळी बदलावी लागतील. अण्णा हसले. “म्हणजे चेअरमनची मोटार आता चेअरमनच्या उसानंच आजारी पडणार!”

“आजोबा, एकदा चालवून तर पाहू,” मुलगी म्हणाली. अण्णांच्या परवान्याची मुदत केव्हाच संपली होती आणि बेकायदा चाक हातात घेणारा हा माणूस नव्हे. मी चाकावर बसलो, मुलगी शेजारी. अण्णांसाठी मी मागचे दार उघडून धरले. ते क्षणभर थांबले. मग चप्पल झटकली आणि मागच्या सीटवर बसले.

हरिपूरच्या रस्त्याने आम्ही संगमापर्यंत गेलो. मोटार जड होती. पण दुसऱ्या गिअरमध्ये तिने जो ओढा घेतला तो माझ्या पाठीला कळला. आरशात मी अण्णांकडे पाहत होतो. ही घटका मी मनात कितीदा रंगवली होती! कादंबरी असती तर इथे मी त्यांच्या डोळ्यांत पाणी आणले असते. अण्णा मात्र सारखे मान वाकडी करून दोन सीटांच्या मधून पुढे डोकावत होते. संगमाजवळ म्हणाले, “थांबव. मला पुढं बसू दे. इथून रस्ता दिसत नाही.”

परत आल्यावर त्यांनी डिकी उघडायला सांगितली. गालिचा वर केला, जादा चाक बाहेर काढले आणि त्या खळग्यात हात घालून तळाशी बोटे फिरवली. बोटे वर आली ती पिवळसर राखाडी पिठासारख्या मातीने माखलेली. त्यांनी ती चिमटीत चोळली, विकणाऱ्या गृहस्थांना दाखवली.

“कृष्णामाई येऊन गेल्या होत्या, साहेब.”

सांगलीकरांना यापेक्षा जास्त सांगावे लागत नाही. १९२९ मध्ये बांधून झालेल्या आयर्विन पुलावर कृष्णेचे पाणी फुटांनी मोजतात. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेले होते आणि गावभर उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या होत्या. ते गृहस्थ गोरेमोरे झाले. त्यांना खरेच माहीत नव्हते; त्यांनी मोटार घेतली ती पुरानंतर, धुऊन-पुसून रंगवलेली. आता तारांच्या सांध्यांत, दारांच्या पोकळीत, चासीच्या आत काय गंज चालला असेल, तो कोणाला दिसणार? त्यांनी तेथल्या तेथे चाळीस हजार कमी केले.

एक लाख वीस हजार! गच्चीचे निम्मे काम होऊन मोटार दारात आली असती. मी कबूल करतो की माझा हात खिशाकडे गेला. मी अण्णांना बाजूला घेऊन म्हणालो, “अण्णा, तुमच्यासाठीच घेतोय.”

“ते मला समजलंय, मास्तर,” अण्णा म्हणाले. “पण मी अकरा वर्षं ही मोटार चालवली ती शेठजींच्या पेट्रोलवर. टायर त्यांचे, ऑइल त्यांचं, मोडलं तर बिल त्यांचं. मला कधी तिची जड वाटली नाही. आज ती तुझ्या दारात उभी केली तर मला रोज सकाळी दिसेल, की ही तुझ्या पगारावर उभी आहे. मग मला झोपाळ्यावर बसवणार नाही.” थोडे थांबून म्हणाले, “आणि माझं म्हणशील तर मी तिच्यात पुढंच बसत होतो. तीच जागा बरी होती.”

मी तीसेक वर्षे मागच्या सीटचे दुःख उराशी धरून बसलो होतो. ज्यांचे म्हणून ते धरले होते, त्यांना ते नव्हतेच. त्या मोटारीतली खरी बैठक कोणती, हे अण्णांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मान खाली घातली होती ती मी.

आम्ही त्या गृहस्थांकडे चहा घेतला. अण्णांनी त्यांना कोणत्या तारा आधी तपासायच्या, चासीला कुठे भोके पाडून पाणी काढायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुराची गोष्ट आपण होऊन कशी सांगायची, हे सगळे समजावले. मुलगी ते वहीत उतरवून घेत होती.

संध्याकाळी आम्ही एस. टी. ने निघालो. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला २०२२ पासून एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे. वाहकाने अण्णांना शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले, ते त्यांनी जपून खिशात ठेवले. ड्रायव्हरच्या मागची नव्हे, तर दाराजवळची अगदी पुढची जागा त्यांनी पकडली होती. समोर मोठी काच आणि काचेपुढे सगळा रस्ता. आष्टा मागे पडले. पेठ नाक्यावर गाडी महामार्गाला लागताना ड्रायव्हरने खटकन गिअर बदलला. अण्णा माझ्याकडे झुकले आणि त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,

“थोडा उशिरा टाकला. पण हात चांगला आहे पोराचा.”

गच्चीचे काम दसऱ्याला पुरे झाले. एक लाख बेचाळीस हजार लागले. उरलेले मुलीला पाठवले.